लिव्हरचा कॅन्सर आणि ट्रान्सप्लांट: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

मी कराडात एका पतसंस्थेत हिशेब बघतो. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, लिव्हर ट्रान्सप्लांट होऊन अडीच वर्षं झाली. तेव्हापासून महिन्याला दोन-तीन फोन तरी येतातच. "आमच्या मेहुण्यांच्या लिव्हरला गाठ निघालीय, तुमच्या दादांचं काय काय केलंत?" दरवेळी तेच सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. औषधं आणि डोस डॉक्टरांनी ठरवायचे. कोणत्या दारात आधी जायचं, तिथे काय विचारायचं आणि कोणता कागद पिशवीत असला पाहिजे, एवढं माझ्याकडून घ्या.

फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, कॅन्सर लिव्हरचाच आहे, की दुसरीकडून लिव्हरमध्ये आलेला आहे? आतड्याचा, स्तनाचा, स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरून लिव्हरमध्ये गाठी करतो. घरचे लोक त्यालाही लिव्हरचा कॅन्सरच म्हणतात, पण त्याची वाट वेगळी आणि तिथे ट्रान्सप्लांट बहुतेक वेळा बसत नाही. हा लेख लिव्हरच्या स्वतःच्या पेशींतून उठणाऱ्या कॅन्सरबद्दल आहे. रिपोर्टवर त्याला हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा म्हणतात, डॉक्टर लोक एचसीसी म्हणून मोकळे होतात.

दादाचं कळलं ते डेंग्यूमुळे. ताप उतरला, पण प्लेटलेट ६२ हजारांवरच अडकल्या. महिन्याने परत तपासल्या तरी तेवढ्याच. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी शहाणपणा केला, सोनोग्राफी लिहून दिली. पानथरी सुजलेली, लिव्हर खडबडीत आणि उजव्या बाजूला एक डाग. रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. कुठून आला, कधी आला, कुणालाच सांगता येईना. दादा माळकरी आहे, आयुष्यात दारूचा थेंब नाही. तरी भेटायला येणारा प्रत्येक जण दबक्या आवाजात विचारायचा, "घेत होते का हो?" या प्रश्नावर वहिनी शेवटी शेवटी उठून आत जायची. दारूने लिव्हर खराब होतं हे खरंच आहे. पण हिपॅटायटिस बी, सी आणि वजन-साखरेमुळे लिव्हरवर चढणारी चरबी याही वाटा सिरॉसिसपर्यंत, म्हणजे लिव्हर खरबरीत आणि कडक होऊन निकामी होत जाण्यापर्यंत नेतात, आणि सिरॉसिस झालेल्या लिव्हरमध्येच हा कॅन्सर जास्त करून उगवतो. ज्याला सिरॉसिस आहे त्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते, ती यासाठीच. आणि घरात एकाला बी निघाला तर त्याच आठवड्यात सगळ्या घराचं रक्त तपासून घ्या. ज्यांचं निगेटिव्ह येईल त्यांना लस द्या. साधारण शून्य, एक आणि सहा महिने असे तिचे तीन डोस असतात.

सोनोग्राफीनंतरची खरी तपासणी म्हणजे ट्रिपल फेज सीटी स्कॅन किंवा एमआरआय. नुसता "पोटाचा सीटी" करून आणू नका, परत करावा लागतो आणि पैसे दोनदा जातात. औषध शिरेतून सोडल्यावर गाठ आधी उजळते आणि नंतर बाकीच्या लिव्हरपेक्षा फिकी पडते, हे वेगवेगळ्या वेळी फोटो काढून बघायचं असतं. सिरॉसिसच्या माणसात ही खूण स्पष्ट दिसली तर बहुतेक वेळा तुकडा काढायची गरज पडत नाही. आमचे नातेवाईक मात्र अडून बसले होते, "बायोप्सी केल्याशिवाय कॅन्सर कसा म्हणतात?" डॉक्टरांनी सांगितलं की सुई घातली तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि क्वचित सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडतात. स्कॅनमधलं चित्र स्पष्ट नसेल तेव्हाच ते तो धोका पत्करतात. सोबत रक्तातलं एएफपी बघतात, हे या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं एक प्रथिन. दादाचं १८६ होतं. एएफपी नॉर्मल आलं म्हणून कॅन्सर नाही असं समजू नका, बऱ्याच जणांत ते वाढतच नाही.

"नुसती गाठ काढून टाकली तर?" हे आम्हीही विचारलं. ज्याचं बाकीचं लिव्हर चांगलं आहे त्याची गाठ कापून काढतात आणि तेच बरोबर. लहान गाठ असेल तर सुईने जाळतातही. पण सिरॉसिस पुढे गेलेला असला तर कापल्यावर उरलेलं लिव्हर शरीराचा भार उचलू शकत नाही. मी दादाला आमच्या भाषेत समजावलं. क्षारपड रानात एक रोप जळालं म्हणून तेवढंच उपटलं, तर रान सुधारतं का? पुढच्या हंगामात शेजारचं जळतंच. ट्रान्सप्लांटमध्ये रोपही जातं आणि रानही बदलतं, कॅन्सर आणि सिरॉसिस एकाच वेळी निघतात. कृष्णाकाठच्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही.

आता सेंटिमीटरचा हिशेब

ट्रान्सप्लांट होणार की नाही हे सगळ्यात आधी गाठीच्या मापावर ठरतं, म्हणून हे नीट वाचा. पूर्वी मोठमोठ्या गाठींसाठीही ट्रान्सप्लांट व्हायचं आणि नव्या लिव्हरमध्ये कॅन्सर परत यायचा. १९९६ साली इटलीतल्या मिलानच्या डॉक्टरांनी ४८ रुग्णांचा अभ्यास छापला. निवड त्यांनी कडक ठेवली होती. गाठ एकच असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत. जास्त असतील तर तीनपर्यंत, आणि त्यातली एकही ३ सेंटिमीटरच्या वर नको. रक्तवाहिनीत शिरकाव नको, लिव्हरच्या बाहेर काही नको. अशा रुग्णांत चार वर्षांनी ७५ टक्के जिवंत होते. तेव्हापासून जगभर याला मिलान निकष म्हणतात. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी थोडे सैल निकष मांडले. एक गाठ साडेसहापर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, सगळ्यात मोठी साडेचारच्या आत आणि सगळ्यांची बेरीज आठच्या आत. भारतात घरातलाच डोनर असेल तर काही ठिकाणी याहूनही पुढे जातात, पण रक्तवाहिनी आणि बाहेरचा फैलाव या दोन गोष्टींवर कोणी सहज तडजोड करत नाही.

दादाच्या दोन गाठी होत्या, ३.८ आणि १.६. मी रिपोर्ट वाचून खूश झालो, पाचच्या आत आहे म्हणून. डॉक्टर म्हणाले, "एकच असती तर आत होती. दोन आहेत म्हणून ३.८ वाली बाहेर." पतसंस्थेत नियमाची दुसरी ओळ न वाचणाऱ्या कर्जदारावर मी चिडतो, आणि इथे मीच तसं केलं. तेव्हा रिपोर्ट हातात आला की चार गोष्टी वहीत उतरवा. गाठी किती, प्रत्येकीचं माप काय, पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्याकडून लिव्हरमध्ये रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी आहे का, आणि असल्यास ती साध्या रक्ताची की कॅन्सरची. शेवटचा प्रश्न विचारल्याशिवाय केबिनमधून उठू नका.

लिव्हरबाहेर काही नाही ना, हे बघायला छातीचा सीटी झाला, मग पेट स्कॅन. स्वच्छ निघाले. त्यानंतर डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटची तारीख न देता दादाला टेस करायला सांगितलं. मांडीच्या सांध्यातल्या धमनीतून बारीक नळी लिव्हरपर्यंत नेतात, गाठीला रक्त पोचवणाऱ्या फांदीत केमोचं औषध सोडतात आणि ती फांदी बुजवतात. गाठ उपाशी मरते. दादाला तीन दिवस ताप, उलट्या आणि कुशीत दुखणं झालं. हे अपेक्षितच असतं, पण ताप चढत गेला किंवा डोळे पिवळे दिसले तर फोन करायचा. सहा आठवड्यांनी परत एक टेस झाली. काही जणांची गाठ जाळतात, काहींना किरणोत्सर्गी कण सोडतात. कोणाला काय, हे गाठीच्या जागेवर आणि लिव्हरच्या ताकदीवर ठरतं.

त्यानंतर तीन महिने नुसते थांबायचे. घरात याच काळात सगळ्यात जास्त भांडणं झाली. कॅन्सर पोटात आहे आणि डॉक्टर थांबा म्हणतात! वहिनीला वाटलं पैशांसाठी टोलवाटोलवी चाललीय. मी एकटाच परत जाऊन विचारून आलो. डॉक्टर म्हणाले, "गाठीचा स्वभाव बघतोय." औषधाने दबून तशीच राहिली तर ती नव्या लिव्हरमध्ये परतण्याची शक्यता कमी. या काळात नवी गाठ उगवली किंवा एएफपी उसळलं, तर ट्रान्सप्लांट करूनही ती आलीच असती, आणि डोनरचं पोट विनाकारण चिरलं गेलं असतं. हे ऐकून आल्यावर घर शांत झालं. तीन महिन्यांनी मोठ्या गाठीचा जिवंत भाग २.१ सेंटिमीटर उरला होता, लहान गाठ मेलेली दिसत होती आणि एएफपी २४ वर आलं होतं. म्हणजे दादा आता मापात बसला.

थांबायचे महिने रिकामे घालवू नका. दाताच्या डॉक्टरकडे जा, किडलेला दात ट्रान्सप्लांटनंतर फार महागात पडतो. दादाचे दोन काढले. लसी याच काळात घ्यायच्या, कारण नंतर जिवंत जंतूंच्या लसी चालत नाहीत. हृदयाची तपासणी, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी, साखर, सगळं उरकून घ्या. आणि माणसाला चालवा, खायला घाला. दादा अंड्याला हात लावेना. आहारतज्ज्ञ बाईंनी वाद घातला नाही, पनीर, मूग, सोयाबीन, दूध आणि प्रोटीन पावडर यांत हिशेब बसवून दिला.

डोनर

लिव्हर दोन वाटांनी मिळतं. पहिली वाट ब्रेनडेड माणसाच्या नातेवाईकांनी केलेल्या दानाची. तिची यादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे, म्हणजे झेडटीसीसीकडे असते. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा त्या आहेत. नाव हॉस्पिटलमार्फतच नोंदवलं जातं, कोणी एजंट भेटला तर समजा तो चोर आहे. नोंद जरूर करा, पण फक्त तिच्या भरवशावर राहू नका. कॅन्सरच्या पेशंटचं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, बऱ्याचदा ठीक असतं, कागदावर तो फार आजारी दिसत नाही म्हणून यादीत मागे राहू शकतो, आणि गाठ मात्र वाढत असते. आपल्याकडे बहुतेक लिव्हर ट्रान्सप्लांट घरच्या डोनरवरच होतात. किडनी देणाऱ्याची एक किडनी कायमची जाते, लिव्हरचं तसं नाही. दोघांचंही काही आठवड्यांत बरंचसं वाढून येतं.

दादाचा रक्तगट बी पॉझिटिव्ह. बी किंवा ओ चालतो, पॉझिटिव्ह-निगेटिव्हला इथे महत्त्व नाही. वय साधारण १८ ते ५५. मी बी पॉझिटिव्ह, वय ४७, गडी तयार! "मीच देणार" असं सगळ्यांसमोर छाती काढून सांगितलं. सोनोग्राफीत माझं लिव्हर चरबीने भरलेलं निघालं. वजन ८४. दोन महिने रोज पहाटे प्रीतिसंगमापर्यंत चालत गेलो, भात बंद, वडापाव बंद, आठ किलो उतरवले. सीटीत चरबी कमी दिसली, पण पुरेशी नाही. बाद. वहिनीचा गट ए. गट जुळत नसतानाही ट्रान्सप्लांट करतात, पण तयारी जास्त, खर्च जास्त. अशीच अडचण असलेल्या दुसऱ्या कुटुंबाशी डोनरची अदलाबदल करण्याचीही कायद्यात सोय आहे, हे तुमच्या कोऑर्डिनेटरला विचारून ठेवा. पुतण्या २१ वर्षांचा, ओ पॉझिटिव्ह. त्याच्या सीटीत उजवा भाग काढला तर मागे २७ टक्केच उरत होतं. निदान ३० ते ३५ टक्के तरी उरायला हवं. तोही बाद. खरं सांगतो, पोराचं नाव बाद झालं तेव्हा दादाला झालेला आनंद लपला नाही.

राहिली आक्का. आमची मधली बहीण, इचलकरंजीला दिलेली, वय ४९, ओ पॉझिटिव्ह. तिचं अख्खं लिव्हर साधारण १००० ग्रॅम, उजवा भाग ६४० ग्रॅम, मागे ३६ टक्के उरत होतं. दादाचं वजन ६८ किलो. घेणाऱ्याच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी लिव्हर मिळायला हवं असतं, इथे ०.९४ टक्के बसत होतं. पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये नळ्यांची मांडणीही सरळ निघाली.

इथे माझी एक चूक सांगतो. आक्काला मी फोनवर विचारलं, तेही आम्ही सगळे बैठकीत बसलेलो असताना, स्पीकरवर. ती लगेच हो म्हणाली. सहा माणसं ऐकत असताना बहीण दुसरं काय म्हणणार? पुढे हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर मॅडमनी तिला एकटीला आत बोलावलं आणि सांगितलं, "भाऊ बाहेर बसलाय म्हणून हो म्हणायचं नाही. नको असेल तर मला सांगा. आम्ही बाहेर एवढंच सांगू की तपासणीत बसत नाही. कारण कुणाला कळणार नाही." ही सोय असते हे डोनरला पहिल्याच दिवशी सांगा. शक्य असेल तर तुमच्याऐवजी डॉक्टरांनी सांगू दे. आक्का चार दिवसांची मुदत मागून इचलकरंजीला गेली आणि पाचव्या दिवशी तिचा स्वतःहून फोन आला.

दाजींची समजूत काढायला मात्र मी स्वतः गेलो. यंत्रमागाच्या खडखडाटात उभं राहून बोललो. त्यांचा प्रश्न सरळ होता, "उद्या हिला काही झालं तर?" मी डॉक्टरांनी सांगितलं तेच सांगितलं. उजवा भाग देणाऱ्या डोनरचा मृत्यू जगभरात हजारात एक ते पाच असा सांगितला जातो. पित्ताची गळती, जंतुसंसर्ग, जखमेत हर्निया हे त्याहून जास्त वेळा होतं. "काही होत नाही हो" असं मी एकदाही म्हटलं नाही. ते पुण्याला आले, डॉक्टरांसमोर तासभर बसले, मग सही केली. त्यांची एक अट होती, आक्का घरी आल्यावर घरकाम कोण करणार ते आधी ठरवा. बरोबरच होतं. तीन महिने तिला पाण्याची घागरसुद्धा उचलायची नव्हती. माझी बायको दीड महिना तिकडे जाऊन राहिली.

कागद

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं. मेहुणा, सून, जावई, चुलतभाऊ यात बसत नाहीत. त्यांचं दान प्राधिकार समितीपुढे जातं आणि त्याला वेळ लागतो. कॅन्सरमध्ये वेळच नसतो, म्हणून अशा नात्यातला डोनर असेल तर कागद पहिल्या दिवसापासून गोळा करा. डोनर बाई असेल तर तिची संमती तिची स्वतःची आहे याची जास्त काळजी घ्यावी, असं नियमांतच लिहिलेलं आहे. मुलाखतीचं व्हिडिओ चित्रण होतं. पैसे घेतले का, कोणी दबाव आणला का, ऑपरेशन काय आहे ते समजलं का, असं विचारतात. घोकून नेऊ नका.

आमचं घोडं अडलं ते नावात. आक्काच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, रेशन कार्डावर तिसरंच काहीतरी, आणि विवाह नोंदणी कधी केलेलीच नव्हती. दादा आणि आक्का एकाच बापाची लेकरं आहेत हे सिद्ध करायला अकरा दिवस गेले. एका कार्यालयात तर "साहेब रजेवर" म्हणून तीन हेलपाटे झाले. म्हणून डोनर ठरण्याआधीच घरातल्या सगळ्या संभाव्य लोकांचे शाळेचे दाखले, आधार, पॅन, रेशन कार्ड, विवाह दाखला काढून नावं जुळवून बघा. जुने कौटुंबिक फोटो शोधून ठेवा. आमच्या आक्काच्या लग्नातला फोटो कामाला आला. शेवटी रक्तावरून नात्याची तपासणीही झाली.

पैसे

आमचा एकूण खर्च २६ लाखांच्या घरात गेला. दोन्ही ऑपरेशनं, तपासण्या, टेस, पुण्यातली तीन महिन्यांची खोली आणि पहिल्या वर्षाची औषधं धरून. तुमचा वेगळा येईल. आधी एका ठिकाणी आम्हाला तोंडी पॅकेज सांगितलं होतं. लेखी मागितल्यावर त्यातून डोनरच्या तपासण्या, रक्त आणि ठरावीक दिवसांनंतरचा आयसीयू बाहेर निघाला. लेखी मागा आणि त्यात काय नाही ते आधी वाचा. पुन्हा भरती व्हावं लागलं तर त्याचे पैसे कोण देणार, हेही विचारा. विम्यात डोनरचा खर्च बसतो का ते कंपनीकडून ईमेलवर घ्या.

मदतीसाठी मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी, टाटा ट्रस्ट, सिद्धिविनायक न्यास अशी दारं आहेत. ऑपरेशन होऊन गेल्यावर बिल घेऊन फिरू नका, अर्ज आधीच टाका. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. आम्ही उत्पन्नात बसलो नाही. दादाचं एक एकर गेलं, माझा पीएफ गेला. सावकाराकडे मात्र जाऊ नका. ऑपरेशननंतर वर्षभर कमावता माणूस घरी बसणार आहे आणि औषधं चालूच राहणार आहेत, हप्ता त्यात बसवून बघा.

ऑपरेशनचा दिवस

आदल्या रात्री सर्जननी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. पोट उघडल्यावर कॅन्सर लिव्हरबाहेर दिसला, तर तिथेच थांबणार. हे घरच्यांना आधी माहीत असू द्या. आक्काला सकाळी सातला आत नेलं, दुपारी चारला बाहेर आणलं. दादा रात्री दहाला आला. आक्का सातव्या दिवशी सुटली, दादा एकोणिसाव्या. नवव्या दिवशी दादाची लिव्हरची एन्झाइम्स चढली, तुकडा तपासला, सौम्य रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं लिव्हर परकं म्हणून नाकारणं, निघालं, तीन दिवस स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊन उतरलं. रिजेक्शन शब्द ऐकून आम्ही सगळे रडलो होतो. पहिल्या काही आठवड्यांत ते बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेक वेळा औषधाने आटोक्यात येतं, हे कोणी आधी सांगितलं असतं तर वहिनीचा बीपी तरी वाढला नसता. पोटावरच्या टाक्यांच्या आकाराला डॉक्टर मर्सिडीज म्हणतात. दादा आयुष्यभर स्प्लेंडरवर फिरला, आता शर्ट वर करून सांगतो, "बघा, घेतली."

कापून काढलेलं जुनं लिव्हर तपासायला जातं. त्याचा रिपोर्ट दहा-बारा दिवसांनी येतो आणि घरचे लोक तो मागायचं विसरतात. तो मागून घ्या. आमच्यात सीटीला न दिसलेली ८ मिलिमीटरची तिसरी गाठ निघाली, पण बारीक रक्तवाहिन्यांत शिरकाव नव्हता. कॅन्सर परत यायचा धोका किती आणि तपासण्या किती वेळा करायच्या, हे याच कागदावर बरंचसं ठरतं. परत येणारा कॅन्सर जास्त करून पहिल्या दोन वर्षांत येतो, लिव्हरमध्ये, फुप्फुसात किंवा हाडांत. आमच्या डॉक्टरांनी एएफपी दर तीन महिन्यांनी आणि छाती-पोटाचा सीटी दर सहा महिन्यांनी ठेवला.

घरी आल्यावर

शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी सकाळी नऊ आणि रात्री नऊ. दादाच्या मोबाईलवर हरिपाठाचा गजर लावलाय, तो वाजला की गोळी. एकादशीचा उपास असला तरी गोळी चुकत नाही, हे आधीच ठरवून घेतलं. रक्तातली पातळी तपासताना नमुना सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचा असतो. एकदा दादा गोळी घेऊन लॅबमध्ये गेला, आकडा दुप्पट आला, डोस कमी करायची वेळ आली होती. कोऑर्डिनेटर मॅडमनी "गोळी कधी घेतली?" विचारलं म्हणून निभावलं. महिनाभराने एव्हरोलिमस हे त्याच कामाचं दुसरं औषध सुरू केलं. कॅन्सर झालेल्यांना ते देण्याकडे कल असतो. तोंड येतं त्याने, दादाचे पहिले पंधरा दिवस दही-भातावर गेले. हिपॅटायटिस बीची गोळी कायमची.

डॉक्टरांच्या छापील कागदावर ग्रेपफ्रूट खाऊ नका असं असतं. आपल्या घरात ग्रेपफ्रूट कोण आणतंय? पण गणपतीत पपनस येतं, आणि ते त्याच्याच भावकीतलं. त्यानेही टॅक्रोलिमसची पातळी चढते. आमच्याकडे आता प्रसादाच्या ताटात पपनस नसतं. दुखलं तर मनाने ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम घ्यायचं नाही, किडनीला ते झेपत नाही. आणि काढे! गावातल्या एकाने प्रेमाने गुळवेलीच्या सत्त्वाची बाटली आणून दिली, प्रतिकारशक्ती वाढते म्हणून. अहो, ती वाढू नये म्हणून तर रोज एवढ्या गोळ्या घेतोय. शिवाय गुळवेलीने लिव्हरलाच इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनीही नोंदवलेले आहेत. बाटली मी गुपचूप मोरीत ओतली. पहिले सहा महिने उकळलेलं पाणी, कच्ची कोशिंबीर नाही, गोठ्यात आणि आठवडी बाजारात जाणं नाही, मातीत हात घालायचा तर हातमोजे. ताप १०० च्या वर गेला तर गावच्या डॉक्टरकडे इंजेक्शन न घेता आधी पुण्याला फोन.

एक काम आमच्याकडून राहिलं होतं. दादाच्या तपासण्यांचा तक्ता मी एक्सेलमध्ये केला, रंग भरून. सव्वा वर्षाने आक्काला कुशीत दुखायला लागलं तेव्हा लक्षात आलं, तिची वर्षाची सोनोग्राफी कुणीच केलेली नाही. दुखणं साधं निघालं, जखमेजवळचा स्नायू होता. पण डोनरच्याही तपासण्या असतात, त्या त्याच तक्त्यात लिहा, वेगळ्या कागदावर नको. आता पहिल्या रांगेत आक्काचं नाव आहे. पुढची सोनोग्राफी ज्येष्ठात आहे, आणि तिला दवाखान्यात न्यायला इचलकरंजीला दादा जाणार आहे. मी सोबत येतो म्हटलं तर म्हणाला, "तू काय करणार येऊन? तुझं लिव्हर बाद झालेलं."